राजुरीहून आलेला घास

हौसाआक्का पदराखाली काहीतरी झाकून रस्त्याने निघाली, की तिला कोणी हाक मारत नसे. एरवी तिच्याशी न बोलता पुढे जायची आमच्या पेठ गावात कोणाची छाती नव्हती. गेलात, तर "का रं, आमी काय मैलाचा दगड हाय का हितं?" हे भर रस्त्यात ऐकावं लागे. पण डोक्यावरचा पदर पुढे ओढलेला, नजर पायांशी आणि चाल भरभर, अशी ती दिसली की हायवेच्या कडेला चहा पिणारी माणसंही कप खाली ठेवायची. ती दृष्टीआड झाल्यावर कोणीतरी दबक्या आवाजात विचारायचं, "कोण गेलं?"

आमच्याकडे ज्या घरात माणूस जातो, त्या घरची चूल राख सावडेपर्यंत पेटत नाही. शेजारपाजारच्या आणि भावकीतल्या बायका आपापल्या घरून पिठलं-भाकरी घेऊन येतात. पिठल्याला फोडणी नसते, सोबत कांदा नसतो, लोणचं नसतं. त्याला कडू घास म्हणतात. हे सगळीकडेच करतात, आम्ही काही जगावेगळे नाही. पण आमच्या आळीत हे काम कोणी कोणाला सांगावं लागत नसे, कारण सगळ्यांच्या आधी आक्का पोचलेली असायची. काही आगाऊ लोक तर म्हणत, यमाच्या आधी हिला निरोप येतो.

मी लग्न होऊन पेठला आले आणि वर्षाच्या आत माझे सासरे गेले. घर माणसांनी भरलेलं, सासूबाई कोपऱ्यात, आणि मी नवी सून. शिकलेली, शाळेत नोकरी करणारी, म्हणजे काहीतरी करून दाखवलं पाहिजे असं वाटणारी. लांबून आलेल्या माणसांना निदान चहा तरी द्यावा म्हणून मी गॅस पेटवला. पातेल्यात पाणी ओततेय तोच मागून एक हात आला आणि त्याने बटण फिरवून टाकलं. वळून बघते तर शेजारच्या घरातली ही उंचनिंच, हाडापेराने मोठी बाई.

"मास्तरीण, मयताला आल्याल्या मानसास्नी पावणं करतीस व्हय?"

माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. रडू सासऱ्यांसाठी आधीच येत होतं, त्यात आता अपमानाची भर. तिने मला दंडाला धरून खाली बसवलं, भाकरीचा तुकडा मोडून पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. मी मान फिरवली. तिने हात हलवला नाही. शेवटी मी तोंड उघडलं ते तिच्या धाकानेच. दुसरा घास घेताना कळलं, आपण आदल्या रात्रीपासून उपाशी आहोत आणि हे या घरात फक्त या बाईच्या लक्षात आलंय.

"पोटाला सुतक नसतं," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे सरकली.

हे तिचं ब्रीदवाक्य. मयताच्या घरात शिरताना ती "येऊ का" म्हणत नसे आणि निघताना "येते" म्हणत नसे. आधी चुलीवर नाहीतर शेगडीवर पालथा हात ठेवून बघायची, ती गार आहे ना. मग घरातलं कोण जेवलं नाही ते हेरायची. मोठ्याने रडणारी माणसं ती शेवटी घ्यायची. "त्येंच्यात अजून दम हाय," म्हणायची. जो गप्प असेल, कामात असेल, दोरी-बांबू बघत असेल, त्याच्याकडे ती आधी जायची. स्वतः मात्र त्या घरात पाणीसुद्धा घ्यायची नाही. घरी येऊन अंघोळ करायची आणि मग जेवायची. तिला साखरेचा आजार होता. गोळीच्या आधी दोन घास पोटात गेलेच पाहिजेत, त्यामुळे ती जेवणाला फार धरून असे. सकाळी तिच्या दारावरून जाताना ती उंबऱ्यात बसून भाकरी-ठेचा खाताना दिसली नाही, असा दिवस मला आठवत नाही.

ती प्रेमळ होती असं मी म्हणणार नाही. नळावर तिच्यापुढे हंडा लावायची सोय नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसून ती आमटीला नावं ठेवायची, आणि तीही यजमानाला ऐकू जातील अशी. माझ्या हातच्या मासवडीचा तिने एकदा तुकडा मोडला, आतलं तीळ-खोबऱ्याचं सारण बोटाने उकरून बघितलं आणि विचारलं, "शाळंतल्या खडूचा भुगा घातला का काय?" मी आठवडाभर तिच्याशी बोलले नाही. ते तिच्या लक्षातही आलं नाही.

तिचे यजमान, तात्या, अगदी उलटे. मऊ बोलायचे, हळू चालायचे. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळं गाव समजत होतं. एकदा गोठ्यात ते एकटे असताना मी ओरडून काहीतरी विचारलं, तर म्हणाले, "हळू बोल बाई, येतंय ऐकू. पण आक्काला सांगू नको." आक्का घरात गरजत असली की तात्या शांतपणे म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत बसलेले असायचे.

आमच्याकडे आणखी एक रीत आहे. बाईचा नवरा गेला, तर तिच्या तोंडात पहिला घास माहेरचा जातो. भाऊ, भाचा, कोणीतरी आपल्या घरून डबा आणणार आणि आपल्या हाताने भरवणार. मगच ती बाकीच्यांच्या हातचं खाणार. या रीतीवरून मी आक्काला एकदा सगळ्या गावाशी भांडताना पाहिलंय. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीतलं एक जोडपं आमच्याकडे कांदे काढायला यायचं. नवरा शेतातच पडला आणि गेला. लीला नाव तिचं. पोर अंगावर पीत होतं. तिच्या माहेरी फोन लागेना, त्या बाजूला रेंजच नाही. म्हातारी माणसं म्हणाली, थांबू, भाऊ येईल. दिवस कलला, पोर रडून रडून निळं पडायला लागलं, कारण आईच्या पोटात काही नाही तर त्याच्या पोटात कुठून येणार? तरी कोणी हलेना. तेव्हा आक्का उठली.

"मी हिचं माहेर," ती म्हणाली.

"आक्का, तू ना जातीची, ना नात्याची," कोणीतरी म्हणालं.

"भुकंला जात आसती का? तुमाला बगायचं आसंल तर बगा, न्हाईतर तोंड फिरवा."

आणि तिने भरवलं. दुसऱ्या दिवशी लीलाचा भाऊ घाट उतरून आला, त्याने आक्काचे पाय धरले. तिने पाय मागे घेतले आणि त्यालाच झापलं, "फोन घिऊन डोंगरावर तरी चढायचं व्हतंस."

म्हणजे रीत मोडायची कधी हे तिला बरोबर कळत होतं. फक्त स्वतःच्या बाबतीत ते कळत नव्हतं.

तिचं माहेर राजुरी. आळेफाट्याच्या पलीकडे, मोठं बागायती गाव. तिथे तिचा धाकटा भाऊ, सोपान. आई शेतावर असायची म्हणून आक्कानेच त्याला कडेवर वाढवलेला. पण मी तिला ओळखायला लागले तेव्हा राजुरीचं नावही त्या घरात निघत नव्हतं. का, ते मला तात्यांनी सांगितलं. आक्काची आई गेली, नेमका त्याच सकाळी पेठमध्ये दुसऱ्या एका घरात माणूस गेला होता. आक्का तिथे घास घेऊन गेली. फोन घरात, फळीवर वाजत राहिला. तिला निरोप मिळून ती राजुरीला पोचली तोवर आईची चिता निवत आली होती. सोपान दारातच उभा होता. सगळ्या भावकीसमोर तो म्हणाला, "जगाच्या मयताला पयली, आन् आईच्या मयताला शेवटची."

आक्का अंगणातून तशीच मागे फिरली. घोटभर पाणीही न घेता.

त्यानंतर वर्षं गेली. तात्या अधूनमधून खडा टाकून बघायचे. "राजुरीकडं लई पाऊस झाला म्हनं." ती म्हणायची, "व्हऊ द्या." तिथेच विषय संपायचा.

मग सोपानची बायको गेली. सुमन. त्याने कळवलं नाही. भाजीचा टेम्पो घेऊन येणाऱ्या एका पोराकडून आक्काला कळलं, तेही दुसऱ्या दिवशी. मी शाळेतून परतत होते. बघते तर आक्का हायवेला, नारायणगावकडच्या गाड्या थांबतात तिथे उभी. पदर पुढे, पदराखाली डबा. मला आनंद झाला. म्हटलं, चला, निघाली एकदाची. एसटी आली. आक्का एक पाऊल पुढे गेली आणि मागे आली. एसटी गेली. दुसरी आली, तिलाही तसंच.

"आक्का, मी हात करू का गाडीला?"

"बोलवलं न्हाई मला."

"मयताला काय बोलावणं येतं का? तुम्ही कधी बोलावण्याची वाट बघितलीत?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी उचललेला हात खाली घेतला. ऊन कललं, आणखी गाड्या गेल्या. शेवटी तिने डब्याचं झाकण काढलं, भाकरी तिथल्या कुत्र्यांपुढे टाकली, पिठलंही तिथेच उपडं केलं आणि रिकामा डबा घेऊन घरी आली. आळीतल्या प्रत्येक घरात घास पोचवणारी ही बाई, आणि तिचा स्वतःचा भाऊ तिच्या घासावाचून राहिला. मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली. दोन्ही तिला दाखवायची सोय नव्हती.

तात्या गेले ते सकाळी, म्हशीची धार काढताना. बादली सांडल्याचा आवाज झाला म्हणून मी भिंतीवरून डोकावले. आक्का आधीच पोचली होती. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, नाकापुढे बोट धरलं. ओरडली नाही. तशीच उठली, घरात गेली. शेगडीवर दूध उतू चाललं होतं. तिने बटण फिरवलं, आणि परत येऊन तात्यांच्या शेजारी बसली.

तिचा मुलगा किरण चाकणला कंपनीत. तो आला, त्याने मामाला फोन केला. पलीकडून फक्त "बरं" एवढंच आलं आणि फोन ठेवला गेला. दुपारपर्यंत वाट पाहून तात्यांना नेलं. सोपान आला नाही.

संध्याकाळी आमची सगळी आळी लोटली. कोणाच्या ना कोणाच्या मयतात आक्काने प्रत्येक घरात भरवलेलं, त्यामुळे एकही घर मागे राहिलं नाही. डब्यांनी ओटा भरला, मग जमीन भरली. किरणने खाल्लं, सुनेने खाल्लं. आक्का भिंतीला टेकून बसलेली. मी तुकडा मोडला, तिच्या तोंडासमोर धरला. या बाईला भरवायची वेळ आपल्यावर येईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आक्का, पोटाला सुतक नसतं."

"राजुरीहून येऊ दे," ती म्हणाली.

सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. मी तुकडा परत डब्यात ठेवला.

दुसरा दिवस तसाच गेला. नुसतं पाणी. गोळी नाही, कारण पोटात काही नाही. किरणने राजुरीला फोन लावला तर वाजून वाजून बंद झाला. तो आईपुढे बसून रडला, मग चिडला, भिंतीवर मूठ आपटली. "त्यो मामा येणार न्हाई, आई! आला असता तर बाबांना खांदा द्याया आला असता!" आक्का त्याच्याकडे बघत राहिली. दुपारी मंचरहून डॉक्टर आले. बोट टोचून रक्त तपासलं आणि बाहेर येऊन किरणला म्हणाले, "उपाशीपोटी गोळी दिली तर धोका, गोळी नाही दिली तरी धोका. या वयात हे चालायचं नाही. उद्या दुपारपर्यंत काही खाल्लं नाही, तर ॲडमिट करा. उशीर केलात तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

ते गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. मला आता तिची भीती वाटत नव्हती, फक्त राग येत होता.

"आक्का, लीलाला काय म्हणालात तुम्ही? मी हिचं माहेर. मग आज मी तुमचं माहेर. उघडा तोंड."

"तिचं माहेर डोंगराआड व्हतं. निरोप पोचला न्हवता." तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "माजं हाय. निरोप पोचलाय."

"आणि नाही आला तर?"

"तर न्हाई आला."

मला तेव्हा कळलं की ही नुसती रीत धरून बसलेली नाही. तिला आपल्या भावाकडून उत्तर हवं होतं, आणि त्यासाठी ती जीव पणाला लावून बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून माणसं परत आली. त्यानंतर खरं तर घरात चूल पेटायला हरकत नसते. पण माझ्या सासूबाई म्हणाल्या, हिच्या तोंडात घास गेल्याशिवाय पेटवायची नाही. आक्काची जीभ कोरडी पडली होती. मला तिने दोनदा सुमन म्हणून हाक मारली. किरणने ॲम्ब्युलन्सला फोन केला. "मी जानार न्हाई," एवढं मात्र तिने स्पष्ट सांगितलं आणि खिडकीच्या गजाला हात घातला. आता हिला त्या गजापासून सोडवायचं कसं, याची आम्ही बायका एकमेकींशी कुजबूज करत होतो, तेवढ्यात दारावरची माणसं अंगणाकडे वळून बघायला लागली.

अंगणात एक म्हातारा उभा होता. लहानखुरा, वाकलेला, चुरगळलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. छातीशी टॉवेलात गुंडाळलेला स्टीलचा डबा. चेहऱ्याची ठेवण थेट आक्काची. त्याला कोणी "या" म्हणालं नाही. तोही पुढे येईना.

किरण दारात जाऊन आडवा उभा राहिला. "आता आला व्हय मामा? राख झाल्यावर?"

"डबा आनलाय," सोपान म्हणाला.

"कशाला? आईची राख न्याया?"

मला वाटलं, आता किरण हात उगारणार. दोघांमध्ये उंबरा होता आणि दोघांचेही श्वास ऐकू येत होते. तोच आतून आवाज आला. बारीक, पण आक्काचाच.

"किरन, बाजूला सर."

किरण सरला. सोपान आत आला, आक्कासमोर मांडी घालून बसला आणि टॉवेलची गाठ सोडायला लागला. गाठ सुटेना. आक्का त्याच्या बोटांकडे बघत होती. झाकण उघडलं तशा सगळ्या बायका पुढे वाकल्या.

डब्यात पिठलं नव्हतं, भाकरीही नव्हती. फिक्या हिरव्या रंगाच्या जाडजूड वळकट्या होत्या, एका बाजूने तव्यावर करपलेल्या, खाली पाणी सुटलेलं.

"ह्ये काय म्हनायचं?" कोणीतरी विचारलं.

मी ओळखलं. मंचरला हायवेवर मोठं दुकान झालंय, तिथल्या फ्रीजरमध्ये मी ही पाकिटं पाहिली होती. कोबीची पानं उकडून, आत भात-पनीर भरून, गुंडाळून गोठवलेले रोल. शाळेतून दमून आल्यावर बरे पडतील म्हणून मी एकदा पाकीट हातात घेऊन परतही ठेवलं होतं.

"कोबीचं हाय," सोपान खाली मान घालून म्हणाला. "पोरगं पुन्याहून पाकिटं आनून फ्रीज भरून ठिवतं. तव्यावर टाकायचं की झालं."

"विकतचं?" सासूबाईंना राहवेना. "सुतकात? पहिल्या घासाला विकतचं आणलंस, सोपाना?"

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"पिठलं केलं व्हतं की. निरोप आला तवाच कराय बसलो. गाठी झाल्या. काल परत केलं, ते बुडाला लागलं. भाकर थापाय गेलो तर तव्यावर जाईस्तोवर तुटायची. सुमन व्हती तवर मी कदी चुलीम्होरं बसलो न्हाई. शेजारनीला मागितलं असतं तर दिलं असतं तिनं. पर ते माज्या घरचं झालं नसतं." त्याने डब्याकडे बोट केलं. "माज्या घरात ह्येच हाय."

रीत काय सांगते, हे आता कोणालाच सांगता येईना. मी डब्यातल्या एका रोलला बोट लावलं. वरून मऊ, आत दगड. तव्यावर परतलेला खरा, पण मधला बर्फ तसाच होता, आणि राजुरी ते पेठ तीन गाड्या बदलूनही तो पुरता विरघळला नव्हता.

"थांबा, मी पटकन माझ्याकडे गरम करून आणते," म्हणत मी डबा उचलला.

"ठेव." आक्काने माझं मनगट धरलं होतं. तीन दिवसांच्या उपाशी बाईच्या हातात एवढी ताकद कुठून आली होती कोण जाणे. "तुज्या गॅसवर गेलं की तुज्या घरचं झालं."

मी डबा खाली ठेवला. सोपानने एक रोल मोडला. तो नीट मोडेना, पान एकीकडे आणि भात एकीकडे झाला. त्याने सगळं चिमटीत गोळा करून आक्काच्या तोंडापुढे धरलं. माफी वगैरे काही मागितली नाही. आक्का त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

तिने तोंड उघडलं.

ती चावायला लागली. तिच्या दातांखाली बर्फ करकरला तो आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. तिने चावलं, थांबली, पुन्हा चावलं. गिळलं. मग म्हणाली,

"रोज ह्येच खातोस?"

सोपान टॉवेलाची घडी घालायला लागला.

"तुला इचारते मी."

"सोपं पडतं गं."

"वावरात कोबी न्हाई का औंदा?"

"हाय की. लई आलाय."

"मग?"

"करनार कोन?" सोपान म्हणाला.

आक्काचा चेहरा मी इतकी वर्षं पाहत आले होते, पण असा तुटलेला कधी पाहिला नव्हता. तात्या गेले तेव्हाही नाही. तिने डब्यात हात घातला, दुसरा रोल मोडला आणि तो भावाच्या तोंडापुढे धरला.

"घे. ह्यो सुमनचा."

म्हातारा हमसून रडायला लागला. तोंडात घास, त्यातच बोलायला गेला, "आक्का, मी तुला कळवलं न्हाई तवा..."

"गप. आदी गिळ."

त्याने गिळलं. तिने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं, मग डब्याकडे पाहिलं. "मीठ न्हाई ह्यात. आन् मधी बर्फ हाय."

"तवा चांगला तापवला व्हता की गं."

"वर झाकन ठिवाय पायजे व्हतं. वाफ नको का धराया?" मग माझ्याकडे वळली. "मास्तरीण, बघत काय बसलीस? गोळी आन माजी."

मी उठले. फळीवरची गोळ्यांची डबी काढताना मला काही दिसेना, इतकं रडू येत होतं. किरण तर दाराशी तोंड फिरवून उभाच राहिला होता. मी गोळी दिली, पाणी दिलं. ती घेऊन तिने पुन्हा डब्यात हात घातला.

तात्यांचं तेरावं झालं आणि आक्का राजुरीला गेली. आधी महिन्यासाठी म्हणून, मग तिकडचीच झाली. किरण कधीमधी तिची खुशाली सांगतो. मी जाईन जाईन म्हणते आणि शाळेतून सवड होत नाही. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे आक्का येते ती त्या दुपारचीच. बाहेर ॲम्ब्युलन्सचा हॉर्न वाजला म्हणून मी अंगणात निघाले आणि दारातून एकदा मागे वळून पाहिलं. बहीण-भाऊ एका डब्यावर वाकले होते. सोपानच्या हनुवटीला भाताची शितं लागली होती, आणि आक्का एका हाताने घास मोडत दुसऱ्या हाताने ती आपल्या पदराने पुसत होती.

ड्रायव्हर खाली उतरून मागचं दार उघडत होता.

"पेशंट कुटंय?" त्याने विचारलं.

"जेवतायत," मी म्हणाले.